व्हीली एकाची, भुर्दंड दुसऱ्याच्या घरी: बायपासवरच्या एका रीलचं प्रकरण

स्टंटबाजांना होणारी शिक्षा फार कडक आहे की फारच मवाळ, हा वाद दर काही दिवसांनी नव्याने पेटतो. कायद्याच्या पुस्तकातला आकडा पाहून त्याचं उत्तर देता येत नाही. खालच्या प्रकरणात एकाच सकाळच्या घटनेत तिघेजण होते आणि तिघांच्या वाट्याला तीन अगदी वेगळी फळं आली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण. शहराबाहेरून चौपदरी बायपास झालेला, दिवे लागलेले, पण सेवारस्त्याचं काम अर्धवट. त्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं, दूधवाले, ट्रॅक्टर सगळे मुख्य रस्त्यावरूनच ये-जा करतात. रविवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास तीन मुलं तिथे गेली.

‘अ’ 19 वर्षांचा, पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. परवाना मिळून सात महिने झालेले, वडिलांच्या नावावरची 160 सीसीची मोटारसायकल. ‘ब’ 17 वर्षं 4 महिन्यांचा, बारावीचा विद्यार्थी. त्याच्याकडे आईच्या नावावरची 125 सीसीची स्कूटर. ‘क’ 18 वर्षांचा. तो स्कूटरवर मागे उलटा बसून मोबाइलने चित्रीकरण करत होता. तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

अ ने तीनदा पुढचं चाक उचललं, म्हणजे व्हीली केली. तिसऱ्या वेळी दुभाजकातल्या फटीतून एक दूधवाला वळत होता. त्याने गाडी साइडपट्टीच्या खडीत घातली आणि 20 लिटरचा एक कॅन आडवा झाला. कोणाला लागलं नाही. मुलं थांबली नाहीत. नऊ दिवसांनी क ने 14 सेकंदांची रील टाकली. दूधवाला त्यात डाव्या कडेला जेमतेम सेकंदभर दिसतो.

गाडीने काय सांगितलं

पुढे मोटार वाहन निरीक्षकाने मोटारसायकल तपासली. तो अहवाल या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद आहे. मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) कंपनीच्या 42 दात्यांऐवजी 50 दात्यांचं होतं. म्हणजे त्याच इंजिनाचा मागच्या चाकावरचा जोर जवळजवळ 19 टक्क्यांनी वाढवलेला आणि त्या बदल्यात वरचा वेग घालवलेला. रोजच्या वापरासाठी असा बदल कोणी करत नाही. पुढच्या दोन्ही फोर्कचे ऑइल सील गळत होते, हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्या कोनसेटमध्ये खेळ होता. चाक वारंवार उंचावरून आपटलं की या दोन जागा आधी जातात. मागच्या मडगार्डची खालची कड एका बाजूने घासून पांढरी पडली होती. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढलेला होता. व्हीलीला तो काढावा लागत नाही, पुढचा ब्रेक मारून मागचं चाक उचलायचं असेल तर काढतात. म्हणजे सराव दोन्ही प्रकारांचा चालू होता. सायलेन्सरच्या आतली जाळी गायब होती. आणि नंबरप्लेटचे दोन्ही बोल्ट ढिले करून प्लेट वर, सीटच्या दिशेने दुमडलेली होती.

पुढचं चाक हवेत असताना हँडलला अर्थ उरत नाही आणि पुढचा ब्रेक निरुपयोगी असतो. एरवी दुचाकी थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. चाक खाली आणायला उरतं ते थ्रॉटल सोडणं किंवा मागच्या ब्रेकचं पेडल. ताशी 45 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. चाक टेकून ताबा परत यायला एकच सेकंद लागतो असं धरलं, तरी दूधवाल्याला पाहिल्यानंतरची पहिली साडेबारा मीटर गाडी कोणाच्याच ताब्यात नव्हती. शिवाय चाक टेकताना हँडल जरा जरी तिरकं असलं तर ते डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. ढिल्या कोनसेटमध्ये ती फडफड आवरणं अवघड.

अडचण कुठे आली

एका नागरिकाने समाजमाध्यमावर पोलिसांच्या खात्याला रील टॅग केली, तेव्हा घटनेला 16 दिवस झाले होते. अधिकाऱ्यांपुढे पहिला प्रश्न होता तो तारखेचा. रील टाकल्याची तारीख म्हणजे गुन्ह्याची तारीख नव्हे. मागे दिसणाऱ्या फलकावरच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवरून आणि दूधवाल्याच्या जबाबावरून दिवस नक्की झाला.

इथेच मोटार वाहन कायद्याचं कलम 209 आडवं येतं. कलम 183 (वेगमर्यादा) आणि 184 (धोकादायक चालवणं) यांखाली दोषी ठरवायचं असेल तर तीनपैकी एक गोष्ट झालेली हवी. जागेवरच खटल्याची ताकीद दिलेली असावी, किंवा 14 दिवसांच्या आत चालकाला वा नोंदणीकृत मालकाला वेळ-जागेसह लेखी नोटीस गेलेली असावी, किंवा 28 दिवसांच्या आत समन्स बजावलेलं असावं. रीलवरून होणाऱ्या कारवायांमध्ये हे कलम हमखास विसरलं जातं आणि बचावाच्या वकिलाला आयतं सापडतं. इथे 14 दिवस उलटलेले होते.

दुसरी अडचण पुराव्याची. ठाण्यातल्या कर्मचाऱ्याने रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून पेनड्राइव्हवर घेतलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) त्यासोबत नव्हतं. नंतर क चा मोबाइल पंचनाम्याने जप्त करून मूळ फाइल मिळवली, म्हणून हे निभावलं.

कोण आधी सापडला

अ ची प्लेट दुमडलेली, त्यामुळे तपासाला तिथे वाव नव्हता. स्कूटरची प्लेट मात्र सरळ, स्वच्छ, दिसणारी. तासाभरात पोलीस ब च्या आईपर्यंत पोचले. ती एका उपकेंद्रात कंत्राटी परिचारिका आहे, स्कूटरवरूनच गावोगाव फिरते. मालकाने चालकाची माहिती दिलीच पाहिजे असं कलम 133 सांगतं. तिने ब चं नाव सांगितलं, ब ने अ चं.

कायद्यापासून लपण्याची तयारी करून आलेला मुलगा शेवटी सापडला, आणि साध्या प्लेटवाल्या घराची फरफट सगळ्यांत आधी सुरू झाली. पुढच्या सगळ्या घडामोडींत हा कल बदलला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

रील शहरभर फिरल्यामुळे ‘कडक कलमं लावा’ असा दबाव होता. भारतीय न्याय संहितेचं कलम 110, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, लावावं का यावर चर्चा झाली. ते लावलं नाही, आणि ते योग्यच झालं. त्या कलमाला हेतू किंवा मृत्यू ओढवेल याची जाणीव सिद्ध करावी लागते. एका सेकंदाच्या दृश्यावर आणि सांडलेल्या कॅनवर ती उभी राहत नाही. अशी कलमं दोषारोपपत्रात टिकत नाहीत, आणि दरम्यान आरोपीला मिळालेली कोठडी हीच खरी शिक्षा ठरते.

दुसऱ्या टोकाचा पर्याय म्हणजे चलन फाडून मोकळं होणं. तोही कायद्यात बसत नव्हता. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 मध्ये तडजोड शुल्क भरून मिटवता येतं ते फक्त हातात मोबाइल धरून गाडी चालवल्याच्या बाबतीत. स्टंटचा 184 न्यायालयातच जातो. पालकांना हे माहीत नसतं. ते पाकीट काढूनच ठाण्यात येतात.

कलम 189 (शर्यत) तपासलं गेलं आणि सोडलं, कारण दोन गाड्यांची चढाओढ नव्हती. उरलं ते कलम 184, न्याय संहितेचं 281 (सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार चालवणं) आणि 125 (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं). स्टंट असा शब्द असलेलं वेगळं कलम कायद्यात नाही. 184 च्या स्पष्टीकरणात लाल दिवा ओलांडणंही येतं आणि एका चाकावर गाडी पळवणंही त्यातच बसवावं लागतं. शिक्षा तीच: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2025 मध्ये व्हीलीच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना कर्नाटक उच्च न्यायालयाने सध्याच्या तरतुदी अपुऱ्या असल्याकडे लक्ष वेधलं होतं, ते याच संदर्भात.

गाडी अटकावून ठेवण्याचाही प्रश्न होता. कलम 207 खाली पोलिसांना वाहन ताब्यात घेता येतं, पण ठराविक कारणांसाठीच: विनापरवाना किंवा अल्पवयीन चालक, नोंदणी नसणं, परमिट नसणं. म्हणजे ब ची स्कूटर 207 खाली थेट उचलता आली. अ कडे परवाना होता, त्यामुळे त्याच्या मोटारसायकलला ते लागूच नव्हतं. ती गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली जप्त करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किंवा दुबईत स्टंटची गाडी काही काळ अटकवणं हीच पहिली कारवाई असते. दुबईत 2023 पासून बेदरकार चालवल्याबद्दल अटकवलेलं वाहन सोडवायला 50,000 दिरहम मोजावे लागतात. आपल्याकडे परवानाधारक स्टंटबाजासाठी अशी सरळ तरतूद नाही, म्हणून साध्या प्रकरणातही गुन्हा नोंदवण्याचा आडमार्ग घ्यावा लागतो आणि एकोणिसाव्या वर्षी मुलाच्या नावावर गुन्हा चढतो.

प्रत्यक्षात काय केलं

अ वर 281, 125 आणि 184 खाली गुन्हा नोंदला. सगळी कलमं जामीनपात्र, त्यामुळे अटक न करता नोटीस दिली. कलम 206(4) प्रमाणे त्याचा परवाना घेऊन पोच दिली आणि तो परिवहन कार्यालयाकडे पाठवला. वडिलांवर सायलेन्सरबद्दल वेगळी कारवाई झाली.

मोटारसायकल 23 दिवस ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत, छायाचित्रं आणि पंचनामा करून बंधपत्रावर सोडावीत. तरी अर्ज कोणी केला नाही तर गाडी हलत नाही. इथे वडिलांनी पहिले दोन आठवडे ‘साहेबांना भेटून’ काम होईल या आशेवर घालवले. न्यायालयात अर्ज दिल्यावर नऊ दिवसांत गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बंधपत्र घेऊन तात्पुरती ताब्यात, मिळाली.

वकिलाने कलम 209 चा मुद्दा काढला. सरकारी बाजूने त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, दाखवलं: आरोपीच्याच वर्तनामुळे नोटीस वेळेत देता आली नसेल तर मुदतीचा फायदा नाही. दुमडलेली प्लेट आणि निरीक्षकाचा अहवाल पुरेसा होता. लपायला केलेली युक्ती उलटली ती इथे. कुटुंबाने गुन्हा कबूल करायचं ठरवलं.

हा निर्णय घाईचा होता असं आमचं मत आहे. कबुलीने प्रकरण दोन तारखांत मिटतं हे खरं, पण निकाल ‘दोषसिद्धी’ असा लागतो. पुढे चारित्र्य पडताळणीच्या अर्जात तो लिहावा लागतो. न्यायालयाने 184 खाली 5,000 रुपये दंड केला, 281 साठी वेगळी शिक्षा दिली नाही. ‘कोर्ट उठेपर्यंत’ बसवण्याची शिक्षा 184 मध्ये देता येत नाही, कारण कैद द्यायचीच तर ती सहा महिन्यांपासून सुरू होते. म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे सहा महिने किंवा पैसे, एवढीच निवड होती. समाजसेवेची शिक्षा न्याय संहितेत आली आहे, पण मोजक्याच गुन्ह्यांसाठी, आणि त्यांत 281 नाही. परिवहन कार्यालयाने सुनावणी घेऊन परवाना तीन महिने निलंबित केला आणि उजळणी प्रशिक्षणाची अट घातली.

ब आणि त्याची आई

आता दुसरी बाजू. ब ने चाक उचललं नव्हतं. तो विनापरवाना स्कूटर चालवत होता आणि मित्राच्या बाजूने जात होता. त्याच्याविरुद्धचा भाग बाल न्याय मंडळाकडे गेला. मंडळाने सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मागवला, समज दिली आणि आठ रविवार जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात समाजसेवा करायला सांगितली. तिथे त्याचं काम एक्स-रेच्या खोलीपर्यंत स्ट्रेचर ढकलण्याचं होतं. या सबंध प्रकरणात गुन्ह्याच्या स्वरूपाशी नातं असलेली शिक्षा ही एवढीच.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ त्याच्या आईपर्यंत गेलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही नाही. संमती होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. आई त्या पहाटे झोपलेली होती, किल्ली फ्रिजवर असायची. तिने ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव घ्यायचा विचार केला. शिकवणीच्या वर्गाबाहेरच्या कॅमेऱ्यात ब रोज तीच स्कूटर लावताना दिसत होता, तेव्हा तो बचाव संपला. कलम 209 ची मुदत तिच्या उपयोगाची नव्हती, कारण ती फक्त 183 आणि 184 ला आहे.

तिनेही कबुली दिली. न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि 25,000 रुपये. दिवसभर ती न्यायालयाच्या बाकावर बसली. स्कूटरची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. वार्षिक कराराच्या नूतनीकरणात दोषसिद्धीचा रकाना भरायचा होता, तो अर्ज दोन महिने अडकला.

क ने चित्रीकरण केलं, रील टाकली, मित्राला आणखी एकदा करायला सांगितलं. ते आवाज रीलमध्ये ऐकू येतात. त्याला विनाहेल्मेटचं चलन झालं आणि मोबाइल काही आठवडे गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पोलिसांच्या बाजूने सगळ्यात सोपी सुधारणा: रील नजरेस पडली त्याच दिवशी ज्ञात मालकाला नोंदणीकृत टपालाने 209 ची नोटीस. तारीख नक्की नसेल तर संभाव्य दिवस नमूद करून. इथे प्लेट दुमडलेली म्हणून खटला वाचला. सरळ प्लेटवाला स्टंटबाज असता तर 184 खाली सुटला असता.

आईच्या वकिलाने परिवीक्षा कायदा, 1958 चा आधार मागायला हवा होता. कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं आणि कलम 12 प्रमाणे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. अर्ज मान्य झाला असताच असं नाही, पण केलाच नाही. कंत्राटी नोकरी असलेल्या माणसासाठी 25,000 रुपयांपेक्षा हा मुद्दा मोठा होता.

दूधवाल्याचा विचार कोणीच केला नाही. दंडातली रक्कम नुकसानभरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 खाली करू शकतं. सांडलेल्या दुधाची किंमत हजाराच्या आतली. त्याने जबाबात ती सांगितली होती, दोषारोपपत्रात ती ओळही आहे. मागणी कोणी केली नाही आणि 5,000 रुपये सरकारजमा झाले. त्याला लागलं असतं तर मामला आणखी वेगळा झाला असता. परवाना नसलेल्या मुलाच्या स्कूटरने धडक दिली असती, तर विमा कंपनीला आधी भरपाई देऊन ती आईकडून वसूल करण्याचा आदेश मिळण्याची शक्यता मोठी.

शिक्षा कडक आहे का, हा मूळ प्रश्न या कागदांपुढे असा दिसतो. ज्याने धोका निर्माण केला, त्याच्यासाठी सहा महिने किंवा 5,000 यांच्या मधलं काही नाही, आणि व्यवहारात पैसेच पडतात. त्यात गाडीचा वापर काही महिने बंद, तपासणी करून मूळ अवस्थेत आणणं सक्तीचं, अशी पायरी हवी होती. 2023 मध्ये तामिळनाडूत व्हीली करताना पडलेल्या एका यूट्यूबरचा परवाना दहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. इथे अ चा तीन महिन्यांसाठी. दोन्ही आदेश कायद्यात बसतात, इतकी ही मोजपट्टी सैल आहे. 199अ मात्र मोजपट्टीच ठेवत नाही: शिकवणीला स्कूटर नेणारा आणि कोणाला चिरडणारा, दोघांनाही पंचविशीपर्यंत बंदी. मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला दणका बसायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण दंडाची रक्कम आणि बंदीचा काळ ठरवण्याची मोकळीक न्यायालयाला असायला हवी.

सध्याची स्थिती

ब ला अठरा पूर्ण झाली. त्याच्या बाजूने बाल न्याय अधिनियमाच्या कलम 24 वर बोट ठेवून अर्ज केला आहे: मंडळापुढे निकाली निघालेल्या मुलाला दोषसिद्धीची कोणतीही अपात्रता लागू नये असं ते कलम इतर कायद्यांना बाजूला सारून सांगतं. 199अ आणि हे कलम यांतलं कुठलं वरचढ, यावर परिवहन कार्यालयाने अजून उत्तर दिलेलं नाही. तो एसटीच्या पासवर महाविद्यालयात जातो.

अ ने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं, चौथ्या महिन्यात परवाना परत मिळाला. मोटारसायकल सुपूर्दनाम्यावर सोडताना प्लेट सरळ करून घेतली होती आणि सायलेन्सर बदलून घेतला होता. स्प्रॉकेटची नोंद अहवालात होती, पण ते काढून टाकण्याचा आदेश कोणत्याच कागदात नव्हता. 50 दात्यांचं तेच स्प्रॉकेट घेऊन गाडी आवाराबाहेर पडली.